आईचे केफिरचे दाणे

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीला आवाज खाली ठेवायची गरज वाटत नव्हती.

“उकळलेस? केफिरचे दाणे उकळलेस तू?”

“ताई, हळू बोल. हाताला बुळबुळीत लागत होते. म्हटलं, जंतू मरू देत.”

“अगं, जंतूच असतात ते! साखरेचं पाणी करायचं, ते पार गार होऊ द्यायचं, मग त्यात दाणे सोडायचे आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. दाणे साखर खातात, पाणी आंबून फसफसतं. शेंबड्या पोरालाही जमेल!”

“मी ऑपरेशन थिएटरात काम करते. दिवसभर हत्यारं निर्जंतुक करायची. हाताला सवयच लागलीये.”

“म्हणून आईच्या दाण्यांवर हात चालवलास? इतकी वर्षं जगवले तिने. कुठे जायचं झालं, तर शेजारणीच्या गळ्यात मारायची, पण उपाशी ठेवले नाहीत कधी. आणि तू, चांगली शिकलेली नर्स, एका दुपारीत त्यांचा जीव घेतलास!”

“चुकलं म्हटलं ना! किती वेळा तेच ते?”

“हजार वेळा!”

“बरं बाई. मग तुझ्यातले चमचाभर दे मला. वाढतात ना ते? मी परत सुरू करते.”

“माझ्यातले?”

“हो. तेही आईचेच ना?”

“माझ्याकडे कुठले आले? शेवटी तिने सगळी बरणी उचलून तुझ्या हातात दिली. मी तिथेच उभी होते.”