पडद्याचा नवा मालक

न्याय मिळाला तरी पिशवीसाठी रांग चुकत नाही. न्यायालयाच्या दारात जमा केलेल्या पिशव्या परत घ्यायला माझ्यापुढे एक मावशी आणि तिची भाची उभ्या होत्या.

"मावशी, कर्नलला जन्मठेप झाली! आणि तू पिशवीचं काय घेऊन बसलीस?"

"छत्री आहे गं तिच्यात. नवीकोरी."

"त्याचा वकील काय तावातावानं भांडत होता! म्हणे, युद्धातल्या बलात्कारासाठी तेव्हा आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता."

"न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं हो. मग म्हणाल्या, जगाचा कायदा तेव्हाही होता, तो या कोर्टालाही लागू आहे, आणि असल्या गुन्ह्याला मुदत नसते."

"तेव्हा कर्नल मिशी पिळायची विसरला."

"पाहिलं ना मी! त्याला तोंड दिसू नये म्हणून मी साक्ष पडद्याआडून दिली होती, पण आज म्हटलं, निकाल समोर बसून ऐकणार."

"आता बाहेर कॅमेरे आहेत, तर तोच तोंड झाकायला कापड मागतोय. शिपाई शोधत फिरतोय बिचारा."

"अगं, मग सांग की त्याला! माझा पडदा आत रिकामाच लटकतोय. साहेबांना द्या म्हणावं, मला आता लागत नाही."