विनापावती एकही वाहन नाही

दि. १० मे २००१
नाव: हरिश्चंद्र रघुनाथ शेट्ये, वय ४७, धंदा: बाजार समितीच्या तिठा नाक्यावर रोजंदारी नाकेदार, रा. खालचीवाडी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला कुणी बोलावलेले नाही, लाज वाटली म्हणून आलो. वरील पत्त्यावर मी पत्नी व आईसह राहतो. नऊ वर्षे नाक्यावर आहे. राजापूरकडे जाणाऱ्या आंबा-काजूच्या गाड्या थांबवून फीची पावती फाडायची व साखळीचे कुलूप काढायचे, एवढे माझे काम. कायद्याने ही फी खरेदीदाराची. नाक्यावर ती आम्ही बागवाल्याकडूनच घेतो, पहिल्यापासून तशी रीत आहे.

आमच्याकडे दुपारची एसटी नाही. गावात कुणी आजारी पडले तर मालाच्या टेम्पोतून, पेट्यांवर गोधडी टाकून राजापूरच्या दवाखान्यात नेतात. गेल्या महिन्यात असाच एक टेम्पो आला. वर तोंडावर टॉवेल घेऊन एकजण कण्हत निजला होता. मी पावती न फाडता सोडला. तो पेशंट पुढे राजापुरात चहा पिताना आमच्या पर्यवेक्षकांना सापडला, गोधडीखाली काजूची पोती होती. मला मेमो मिळाला की, पुन्हा विनापावती वाहन सुटले तर घरी बसा. गावात महिनाभर मला डॉक्टर म्हणत होते.

काल दि. ९ रोजी सहकार खात्याची तपासणी होती. दुपारी एक वाजता पर्यवेक्षक जीपने येऊन पावतीपुस्तक तपासायला घेऊन गेले. तासाभरात आणतो, तोवर साखळी काढू नका, असे बजावून गेले. नाक्यावर फोन नाही.

१.४० वाजता सुलेमान टेम्पोवाला चाळीस पेट्या आंबा घेऊन आला. पेट्यांवर धाकू बागवाल्याची बायको गोदा, वय अंदाजे पंचवीस, निजलेली होती. धाकू म्हणाला, "नाकेदारानू, हिला पान लागलंय. पेटीत घालायचा पेंढा ओढत होती, आत नाग होता." मी चढून बघितले. पायाला फडके बांधलेले. डोळ्यांवर झापड. मी म्हणालो, "ही तर झोपलीय. मागचाही असाच झोपला होता." हे शब्द माझेच आहेत, तसेच लिहावेत. दुधाने तोंड पोळले होते, मी ताक फुंकत बसलो.

सुलेमान म्हणाला, पेट्या इथे उतरवतो, रिकामी गाडी सोडा. नाक्यावर माल उतरला की तो नाकेदाराच्या ताब्यात धरतात, एक पेटी कमी भरली तरी माझ्या गळ्यात. मी नको म्हणालो. त्याने तारण म्हणून लायसन्स टेबलावर ठेवले. मी ते परत दिले.

२.३० च्या सुमारास गोदाने पाणी मागितले. तिची जीभ जड झाली होती. मी मडक्यातले दिले. तिला ते गिळता आले नाही, ओठाच्या कडेने गळ्यावर उतरले. तेव्हा मला कळायला हवे होते. खरे सांगायचे तर कळले होते. किल्ली माझ्या खिशात होती. मी वळणापर्यंत जाऊन जीप येते का ते बघून आलो. दोनदा.

३.२५ ला जीप पुस्तक घेऊन आली. तपासणीचे साहेब खुर्चीवर बसले. साखळीचे कुलूप पाहून त्यांनी भेटबुकात शेरा लिहिला की, विनापावती एकही वाहन सुटलेले नाही, काम समाधानकारक. टेम्पोत कोण आहे हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. मी घाईने पुस्तक उघडले. कार्बन उलटा बसला. तेवढ्यात धाकू टेम्पोतून खाली उतरला. तो ओरडला नाही. म्हणाला, "आता घाय नाय. सावकाश फाडा."

मी पावती फाडली. चाळीस पेट्या. धाकूने ती घडी करून खिशात ठेवली. मी साखळी काढली. सुलेमानने टेम्पो मागे घेतला आणि गावाकडे वळवला. माल नाक्यापुढे गेलेला नाही. फी जमा आहे.

हे सारे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरवले आहे, त्यातले काही कमी करायचे नाही.

सही
ह. र. शेट्ये