मधातलं नाव

आमच्या बाबांनी पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला, तेव्हाची गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकात मी सीताबर्डीच्या एका क्लासात बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. सरांनी शब्दांचा क्रम उलटा करायचा प्रोग्रॅम दिला होता. मी त्यात माझंच नाव टाकलं, शाळेतल्यासारखं आडनाव आधी: मेश्राम सुमन बाबाराव. तेवढ्यात बाबा क्लासात आले.

"उद्या तुले पाहाले पाहुणे येऊन राहिले. आता क्लास बंद."

मी बटण दाबलं. इंग्रजीत बाबांना स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं. ते पडद्याकडे वाकले.

"माह्यं नाव पहिले काहून वं?"

"शब्द उलटे लावले, बाबा. आडनाव शेवटी गेलं, तुमचं नाव पुढे आलं."

"अन् तुह्यं?"

"माह्यं मधातच राहते. कितीही उलटं करा."

बाबांनी पडद्यावरच्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं.

"थे पुढे आणाले काय करा लागते?"

"दुसरा प्रोग्रॅम लिहा लागते. थो मले अजून येत नाही."

ते दाराकडे निघाले, मग वळून म्हणाले, "शिक मंग. पाहुण्यायले काय सांगाचं, थे मी पाहतो."