भिंतीपलीकडचा सांजा

माझा जन्म गोहलपुरातला, वडील कारखान्यात लेथवर आणि आमचं अख्खं घर पंथात. पंथाचं नाव राहू दे, तिथं अजून माझी माणसं आहेत. कांदा-लसूण नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद नाही, गणपतीत शेजारीण मोदक घेऊन आली तर आई हात जोडून परत करायची, पण परत करायचीच. मुलींना शाळा चौथीपर्यंत. माझी चौथी झाली, शाळा सुटली, तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या पोरीच्या वेळेला. पंथाचे बाबाजी म्हणाले, बस झालं हिचं, आता सेवेला बसव. मी सगळ्यांसमोर उठले आणि म्हटलं, नाही बसवत. नवराही माझ्यासोबत उठला, तेवढं त्याचं मानते मी. आणि काय सांगू तुला, आमच्यात बाहेरच्यापेक्षा बाहेर पडलेला वाईट. त्याच्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

मग आम्ही अधारतालला आलो. भिंतीला भिंत लागून रोझीचं घर. ती ख्रिस्ती, तीही अशीच बाहेर पडलेली. तिच्या प्रार्थनासभेत औषध बंद होतं, आजारी पडलं की नुसती प्रार्थना. नवरा तसाच गेला. मग पोराला टायफॉइड झाला तर हिनं उचलून दवाखान्यात नेलं, सभेनं हिला काढून टाकलं. आता आम्ही दोघी दुपारी मागच्या भिंतीशी उभ्या राहून कोणाचं जास्त कडक होतं ते मोजत राहतो. ती म्हणते, तुम्हारे में प्याज बंद, हमारे में गोली बंद, प्याज बिना कोई मरता है क्या. मी म्हणते, तुम्ही गात तरी होता. ती म्हणते, हाँ, घर में मय्यत हो तो भी गाते थे, रोना मना था. मग हसतो आम्ही. पण तिचा तो पोरगा मोठा झाला, सभेतच लग्न करून परत गेला, आणि आता कोणी विचारलं तर सांगतो, मला आई नाही. जिच्या गोळीनं वाचला तीच याला नाही. मग मी मोजणं सोडून देते, माझी बहीण निदान दाराशी तरी येते.

धाकटी आहे माझी. कमल म्हणू, खरं नाव लिहू नको. ती पंथातच आहे. डॉक्टरकडे आली की माझ्या दारात उभी राहून बोलते. गुडघे गेलेले, चौकट धरून उभी, आत येत नाही, बसत नाही. मी म्हणते, खुर्ची बाहेर देते, ती म्हणते, तुझीच ना खुर्ची, राहू दे गं मोठे. एकदा रोझी आपल्या दारातून ओरडली, अरे दीदी, खड़ी काहे को हो, इधर आओ, बैठो. आणि कमल गेली की! बसली! मी बघतच राहिले. काहून नाही जाणार, रोझी परकी. परक्याकडचं साधं गोडधोड चालतं, देवापुढं ठेवलेलं नसलं म्हणजे झालं. नियम सगळे आपल्याच माणसासाठी.

पुढच्या खेपेला मी गुळाचा सांजा केला, आईसारखी बडीशेप घालून, आणि मागच्या भिंतीवरून रोझीला दिला. रोझी रवा जाळते, तिच्यानं सांजा होत नाही. कमलनं एक घास खाल्ला. मग म्हणाली, दीदी, इसमें सौंफ किसने डाली? रोझी म्हणाली, मैंने, और कौन डालेगा. कमल म्हणाली, हमारी आई डालती थी. आणि ताटली बोटानं पुसून खाल्ली, असं रोझी सांगते. मी तर भिंतीच्या इकडे होते.

आता कमल येते, आधी माझ्या दाराशी उभी राहते, मग तिकडे जाऊन बसते. रोझी म्हणते, उसको सब मालूम है, पूछ लो. मी नाही विचारत. विचारलं तर तिला सांगावं लागेल, आणि सांगितलं की खाता येणार नाही. लहानपणी आम्ही दोघी एका ताटात जेवलो. पोरगी शिकली, नेपियर टाउनला क्लासमध्ये शिकवते, त्याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेन. पण बहिणीला खाताना बघता येत नाही. चमचा वाजतो तेवढा ऐकते.

असो. तिचं पोट भरो. तू अशी दारात काहून उभी, तुला कोणी बंदी केली? आत ये, बस, सांजा गरम आहे.