वरची फळी

बसच्या रांगेत माझ्यापुढे सरकारी कचेरीतल्या दोघीजणी बोलत होत्या.

"ताई, आज पायघोळ झगा?"

"बायकांनी पँट घालायची नाही, शालीन दिसायचं, असा साहेबांचा हुकूम आलाय ना!"

"मग रेकॉर्डरूममधल्या शिडीवर कशा चढलात?"

"मी कशाला चढू? साहेबांना अगदी वरच्या फळीवरची फाइल हवी होती. म्हटलं, झगा पायात अडकला तर माझी हाडं मोडतील. तुम्हीच चढा."

"अगं बाई! चढले?"

"जातात कुठे! मी खाली शिडी धरली आणि सगळ्यांदेखत ओरडले, 'साहेब, शर्ट वर गेलाय, पाठ दिसतेय. शालीन वाटत नाही!'"

"आता उद्या काय घालणार?"

"पँट. आणि तो हुकूम त्याच फळीवर नेऊन ठेवणार. ज्याला हवा असेल त्यानं चढावं."