फाटक कोणी उघडलं

मुख्याध्यापिका : त्या पोरीला नोकरीवरून काढायचं ठरलंय, आणि मला हे कोण सांगतं? चर्चच्या खजिनदारांची बायको! भाजी घेता घेता!

पाळक : ताई, आवाज कमी कर. पलीकडे हॉलमध्ये पालक बसलेत.

मुख्याध्यापिका : बसू देत की. ऐकायलाच आलेत ना ते?

पाळक : कमिटीचं एकमत झालंय. पावणेतीन वर्षांचं लेकरू फाटकातून बाहेर पडतं, चौकात ट्रकपुढे उभं राहतं, आणि वर्गातल्या बाईंना पत्ता नाही. प्रभूची कृपा म्हणून चौकातल्या शिंप्याने उचलून आणलं. पालकांना काहीतरी उत्तर द्यायला नको?

मुख्याध्यापिका : उत्तर द्यायचंय की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंय? अरे, ती वर्गात एकटी का होती? लहान वर्गात दोन माणसं असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम मी केला. काल मी नव्हते, पण शाळेच्या मावशी होत्या. कुठे गेल्या त्या?

पाळक : हॉलमध्ये लग्न होतं...

मुख्याध्यापिका : मावशी कुठे होत्या?

पाळक : खुर्च्या पुसायला बोलावलं होतं मी. थोडा वेळ.

मुख्याध्यापिका : आणि बाजूचं फाटक? त्याची किल्ली तुझ्याकडे नि माझ्याकडे. मी दवाखान्यात, आपल्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. तूही येणार होतास तिथे. लग्न आहे म्हणून आला नाहीस.

पाळक : खुर्च्यांचा टेम्पो आत घ्यायचा होता गं. लावायचं राहून गेलं.

मुख्याध्यापिका : राहून गेलं! किती हलकं करून सांगतोस रे. तेच त्या पोरीच्या हातून राहिलं असतं तर?

पाळक : मी फाटक उघडलं म्हणून सांगितलं, तर मंडळी काय म्हणतील? पाळकावरचा विश्वास उडाला तर शाळाही बसेल. तिला मी दुसरीकडे चिकटवून देतो, शब्द देतो.

मुख्याध्यापिका : मूल हरवणारी बाई म्हणून गावभर झाल्यावर तिला कोण दारात उभं करणार आहे?

(दारावर टकटक. लहान वर्गाच्या छोट्या बाई आत येतात.)

छोट्या बाई : मॅडम... ते... मीच जाते ना. कशाला भांडण? घरी बाबा म्हणाले, चर्चच्या लोकांशी वाद नको घालूस.

मुख्याध्यापिका : बस आधी. रात्री झोपलीस का?

छोट्या बाई : डोळे मिटले की ट्रकच दिसतो, मॅडम. एकाला शू आली होती, त्याला घेऊन गेले. परत आले तर... मोजली तर एक कमी. मी तशीच अनवाणी धावले.

मुख्याध्यापिका : मावशींना नेलं तेव्हा तू काही बोलली नाहीस?

छोट्या बाई : बोलले होते.

मुख्याध्यापिका : कोणाला?

छोट्या बाई : साहेबांना. म्हटलं, मॅडम नाहीत, मावशींना नका नेऊ, मला एकटीला नाही जमायचं. तर साहेब म्हणाले, ‘एवढीशी तर पोरं आहेत, पळून कुठे जाणार?’

मुख्याध्यापिका : असं म्हणालास तू?

पाळक : घाईत बोललो असेन.

मुख्याध्यापिका : म्हणजे तिने तुला बजावलं होतं, आणि आता तिलाच घरी पाठवतोयस! अरे, तुला प्रवचन देता येतं, देणग्या आणता येतात. लोक तुला पुढारी म्हणतात. पण हाताखालच्या माणसाला पुढे ढकलून मागे लपतो, तो कसला पुढारी? चल. हॉलमध्ये जाऊन तूच सांग.

पाळक : नाही जमणार, ताई.

मुख्याध्यापिका : मग मी सांगते.

(सभा संपल्यावर. रिकामा हॉल.)

पाळक : सगळ्यांसमोर नाव घेतलंस माझं.

मुख्याध्यापिका : त्या लेकराच्या आईने सरळ विचारलं, फाटक कोणी उघडलं. मी तुझ्याकडे बघत थांबले. तू चटईकडे बघत बसलास.

पाळक : ती आपलं मूल काढून नेतेय.

मुख्याध्यापिका : नेऊ दे. मीही नेलं असतं. पण जाताना तिने छोट्या बाईंचा हात धरला, ते पाहिलंस का?

पाळक : पाहिलं. कमिटी रविवारी बसतेय. तुझ्याबद्दल. खजिनदार फार चिडलेत.

मुख्याध्यापिका : बसू दे.

पाळक : मी तुझी बाजू घेईनच असं नाही, ताई.

मुख्याध्यापिका : मी मागितलीय का? रविवारपर्यंत शाळा माझ्या हातात आहे. त्या पोरीला मी दोन दिवस रजा दिलीय. लहान वर्गात माणूस कमी आहे.

पाळक : मग कोण सांभाळणार?

मुख्याध्यापिका : मावशी आणि तू.

पाळक : मी? मला कुठे जमतंय...

मुख्याध्यापिका : एवढीशी तर पोरं आहेत. सकाळी आठला ये. आणि बूट बाहेर काढ, ती जमिनीवरच लोळत असतात.