चार मिनिटं गप्प

...आणि मला सांगा, चार मिनिटं गप्प बसायला काय लागतं? काही नाही लागत हो. पण आमच्या सर्बियातल्या नोव्ही सादचा माणूस एक वेळ जेवण सोडेल, बोलणं सोडायचा नाही.

अख्खा उन्हाळा डोळे फोडून मी कॉम्प्युटरवर एक खेळ लिहिला. डॅन्यूबमधून होडी हाकायची. आता कॉम्प्युटरची मेमरी केवढी, तर होडीला शीड दिलं की नदी मावेना! शीड काढलं, नावाडी काढला, शेवटी माझं नावसुद्धा काढलं, तेव्हा कुठे मावला. आणि वीज गेली की सगळं साफ, म्हणून कॅसेटवर उतरवायचा. कोरी कॅसेट मिळते कुठे इथे? होती ती एकुलती एक आमच्या कॉम्प्युटर क्लबच्या रेडिओ कार्यक्रमाला दिली. ते खेळ रेडिओवर वाजवतात, नुसतं किर्रर्र चीं चीं, आणि ज्याला हवा त्याने घरी टेप करून घ्यायचा. वाजवून झाला की तो पुसून त्याच कॅसेटवर पुढचा खेळ. चिक्कू लेकाचे! इकडे सासूबाईंनी उपासाच्या केकसाठी मिक्सर लावायला माझ्या कॉम्प्युटरची पिन उपटली. "त्यात काय, तिहोमिर, परत लावा की." परत लावा! इस्त्री आहे का ती? म्हणजे माझाच खेळ मला रेडिओवरून टेप करणं आलं, नाहीतर उन्हाळा गेला पाण्यात.

आणि लावला कधी त्यांनी? संत निकोलाच्या दिवशी! आमच्या घरच्या संताचा सण. दार सताड उघडं, बोलवायचं कोणाला नाही आणि हाकलायचंही कोणाला नाही. सासूबाईंचा रेडिओ जुना, लाकडी, वायर जोडायची सोय नाही, म्हणून उसनी कॅसेट घालून टेपरेकॉर्डर त्याच्यापुढे ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांना हात जोडले... चार मिनिटं हो, फक्त चार, मध्ये एक शब्द टेप झाला की खेळ बाद. माशाचं सूप निवतंय, पण सगळे चिडीचूप. किर्रर्र सुरू झालं... आणि दारातून बोरिवोये मामा! "सण सुखाचा जावो, यजमान!" मग गालावर तीन मुके, चपाचप. "हे काय, रेडिओ बिघडला वाटतं? थांब, मी बघतो..." आणि फिरवलं की हो बटण! चार मिनिटं गप्प बसायला काय लागतं?

म्हटलं जाऊ दे, क्लबात कोणाकडे तरी असेलच. दुसऱ्या दिवशी एकेकाची टेप लावली. पहिली... किर्रर्र, "सण सुखाचा जावो, यजमान!" दुसरी, तेच. तिसरीवर तेच, आणि वर कोणीतरी रडत गातंय. अहो, निकोलाच्या दिवशी अर्ध्या गावाच्या घरी सण आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्याकडे जेवायला. चार मिनिटं गप्प बसणार कोण, ताटातले मासे?

राहिला फेरेन्त्स. हंगेरियन माणूस, त्याच्याकडे हा सण नाही. एकटा राहतो, घरात कुत्रंसुद्धा नाही. पळत गेलो.

"अगदी स्वच्छ आला होता बघ," म्हणाला.

"आला होता म्हणजे?"

"अरे, माझं मशीन तुझ्याच जातीचं, पण मेमरी निम्मी. तुझी होडीच मावेना. मग म्हटलं, कॅसेट कशाला फुकट घालवा? त्याच्यावरच फुटबॉलची मॅच टेप केली."

काय करणार... बसून ऐकली ती मॅच. आवाज एकदम स्वच्छ. शून्य-शून्य.